दोन मिनिटं, मालक

फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूर-मुंबई वंदे भारत सुरू झाली, तेव्हापासून मुंबईचं काम निघालं की मी तीच धरतो. गेल्या वर्षी अशाच एका फेरीत लोणावळा सुटलं, घाटातले बोगदे सुरू झाले आणि फोनची रेंज गेली. पुढ्यात सूतखरेदीचा कागद होता, 3 आठवडे टेबलावर लोळत पडलेला. कर्जत यायच्या आत त्याचा निकाल लागला.

रेंज आली तेव्हा 17 मिस्ड कॉल. माझ्यावाचून खरंच अडलेले त्यात 2.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. माझ्या केबिनचं दार कधी बंद नसतं, असं मी 21 वर्षं कौतुकानं सांगत आलो. त्या फेरीनंतर 15 दिवस खिशात एक वही ठेवली. कोण आलं, कशाला आलं, किती वेळ बसलं. “दोन मिनिटं, मालक” म्हणत आलेला माणूस सरासरी 12 मिनिटं बसत होता. (हिशेब बायकोनं केलाय, ती बँकेत होती, तेव्हा चुकलेला नसणार.) सलग अर्धा तास 15 दिवसांत मला 4 वेळाच मिळाला, त्यात एकदा मी डुलकी काढली होती.

मग उत्साहाच्या भरात सकाळी 8 ते संध्याकाळी 7 असे पाव-पाव तासाचे चौकोन आखून भिंतीला लावले. बुधवारी डाईंगचा बॉयलर बंद पडला आणि सगळे चौकोन कोसळले. आमचा जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, तो कागद बघून म्हणाला, “ओ मालक, दोन्ही बीम ताणून धरल्यावर लूप कुठनं येणार?”

टॉवेल विणणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. आमच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या दोऱ्यांचे, दोन बीम असतात, खालच्या कापडाचा ताठ आणि पाइलचा, म्हणजे वरच्या लूपांचा, सैल. दोन पिक, म्हणजे आडवे दोरे, थोडे अलीकडेच ठोकायचे, तिसऱ्याला फणी पूर्ण पुढे. तेव्हा सैल दोरा वर उचलला जातो, तीच लूप. तो सैल नसेल तर विणलं जातं ते साधं कापड, पाणी टिपणारा टॉवेल नव्हे.

आता सकाळी शिफ्ट बदलताना मी शेडमध्ये उभा असतो. खुर्ची नाही, चहा नाही, निम्मे प्रश्न तिथंच मिटतात. 11 ते साडेबारा दार बंद, फोन अकाउंटंटकडे. दलाल, व्यापारी 4 नंतर. दुपारी 2 ते 4 साठी वहीत कुठलंच काम लिहीत नाही. बॉयलर, ट्रान्सपोर्टवाला, सरकारी माणूस यांनी काय ती लूप तिथं काढावी. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत यातलं काही चालत नाही. नंदीध्वजाच्या मिरवणुकीला निम्मा कारखाना जातो, मीही जातो.

एक चूक मात्र झाली. आमचा एक जुना कामगार सव्वाअकराला उचल मागायला आला होता, मुलगी दवाखान्यात होती. शिपायानं त्याला दारातून परत पाठवलं. मला रात्री कळलं. जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी शिपायाला सांगितलं, दवाखाना म्हटलं की माणूस थेट आत.

गेल्या आठवड्यात एक सूतदलाल दवाखान्याचं नाव सांगून 12 वाजता आत आला. त्याला चहा पाजला, आजचा दर काढून घेतला आणि 4 वाजता या म्हणून बाहेर बसवला.