लेकीच्या रिपोर्टातले ८० मिली

रिपोर्टवर दोन आकडे शेजारी शेजारी होते, १.६२ आणि १.७० लिटर. पंपाचं औषध देण्याआधी आणि दिल्यानंतर लेकीने पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा. मिरजेहून सांगलीला परतताना सासूबाईंनी चष्मा लावून ते वाचले आणि त्यांचा चेहराच उतरला. "पंप ओढल्यावर वाढलंय गं. म्हणजे माझंच दुखणं हिला."

सासूबाईंचा दमा जुना आहे, त्यामुळे ही भीती त्यांच्या पोटातून आली होती. लेक नऊ वर्षांची, रोज पोहायला जाणारी. सर्दी बरी झाली तरी खोकला महिनाभर हटेना, म्हणून डॉक्टरांनी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून श्वास मोजायची तपासणी, सांगितली होती.

तपासणी तिला खेळासारखीच वाटली. नाकाला चिमटा, तोंडात नळी आणि स्क्रीनवर मेणबत्त्या. "मोठ्ठा श्वास घे, आता फुंक, फुंक, फुंक!" मग पंपाला स्पेसर, म्हणजे पोकळ नळकांडं, लावून साल्ब्युटामॉल या श्वासनळ्या सैल करणाऱ्या औषधाचे चार पफ, म्हणजे ४०० मायक्रोग्रॅम. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकायचं. मधल्या वेळात ती म्हणाली, "आई, माझे हात थरथरतायत." मी घाबरले. तिथल्या ताईंनी सांगितलं की या औषधाने हात कापतात, छातीही थोडी धडधडते, आणि थोड्या वेळाने ते आपोआप जातं. गेलंही.

डॉक्टर सोमवारी भेटणार होत्या. मधले दोन दिवस घरात कुणाचं कशात लक्ष लागलं नाही.

सोमवारी डॉक्टरमॅडमनी कागदावर एक श्वासनळी काढली, भोवती स्नायूंचे वेढे काढले. निरोगी माणसातही हे वेढे पूर्ण सैल नसतात. व्हेगस नावाच्या नसेमुळे त्यांच्यात कायम थोडा ताण असतो. साल्ब्युटामॉल तो ताण सोडवतं, मग ते दमेकऱ्याने घेतलेलं असो की ठणठणीत मुलाने. म्हणून पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा निरोगी मुलांमध्येही सहसा थोडी वाढतेच. माझ्या लेकीची ८० मिली वाढली, म्हणजे जेमतेम पाच टक्के. शिवाय एकाच मुलाच्या दोन फुंकांतही थोडा फरक पडतोच.

मग वाढ किती झाली की लक्ष द्यायचं? या तपासणीच्या २००५ च्या निकषांत १२ टक्के आणि शिवाय २०० मिली अशी अट होती. मला त्यातले २०० मिली खटकले. ज्या लहानग्याची फुंकच एक लिटरची, त्याने २० टक्के वाढ कुठून आणायची? मॅडम म्हणाल्या, म्हणूनच मुलांमध्ये टक्केवारीच बघतात. नव्या निकषात तर वय, उंची धरून जे अपेक्षित माप येतं, त्याच्या १० टक्क्यांहून जास्त वाढ धरतात.

पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत, हे मला फार आवडलं. दमा असलेल्या मुलाचा रिपोर्टही बरं वाटत असताना अगदी नॉर्मल येऊ शकतो. म्हणून रात्री खोकून उठते का, छातीत शिट्टी वाजते का, धावल्यावर धाप लागते का, सगळं विचारलं, छाती तपासली. सासूबाईंना म्हणाल्या, "आजी, हिला आत्ता पंपाची गरज नाही. पुन्हा त्रास झाला तर मात्र लगेच आणा." पुढच्या दहा-बारा दिवसांत खोकला गेला.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. तलावावर एक आई मला सांगत होत्या, शर्यतीआधी मुलाला दोन पफ देते, फुप्फुसं उघडतात. मुलाला दमा नाही. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, नळ्या किंचित उघडतात. पण निरोगी मूल दमतं ते नळ्या अरुंद म्हणून नव्हे. हृदय किती रक्त पुरवतं आणि स्नायू किती ऑक्सिजन वापरतात, त्यावर दम ठरतो. दमा नसलेल्या मोठ्या खेळाडूंमध्येही नेहमीच्या डोसच्या पफने फुंक थोडी वाढते, पण टिकाव धरण्याची ताकद वाढलेली दिसत नाही. पोराच्या वाट्याला उरते ती धडधड.

मी त्यांना लेकीचा रिपोर्ट मोबाइलवर दाखवला. औषध ज्याचं त्यालाच द्या, आणि मुलाला खरंच धाप लागत असेल तर आधी तपासून घ्या, असं सांगितलं. त्यांनी मिरजेच्या दवाखान्याचा पत्ता लिहून घेतला.