भाच्याचा ताप आणि धारोष्ण दूध

सकाळपासून हॉस्पिटलात बसलेय, सहा वर्षांचा भाचा, तीन आठवडे रोज संध्याकाळी ताप, रात्री घामाने कपडे ओले, गुडघा दुखतो म्हणून लंगडायचा, वरून खोकला आणि एक्सरेत फुफ्फुसात डाग, ताईला तर टीबीच वाटला, रडून रडून डोळे सुजले तिचे. आज ब्लड कल्चरचा रिपोर्ट आला. ब्रुसेलोसिस. जनावरांकडून येणारा जंतू, मुलांमध्ये ताप आणि सांधेदुखीच जास्त दिसते म्हणे, फुफ्फुसापर्यंत क्वचित जातो म्हणून पटकन लक्षात येत नाही. डॉक्टरांनी विचारलं, कच्चं दूध पितो का? आम्ही सगळे गप्प. सिन्नरला आमच्या घरी शेळीचं धारोष्ण दूध आईच द्यायची त्याला, ताकद येते म्हणून, आणि एक शेळी गाभडली होती, या जंतूनेही जनावरांचा गर्भ पडतो म्हणे, तेव्हाही कुणाच्या मनात आलं नाही. नुसतं उकळलं असतं तरी जंतू मेले असते हो.

आता दोन अँटिबायोटिक्स, निदान 6 आठवडे, ताप उतरला तरी मध्येच थांबवायची नाहीत, नाहीतर पुन्हा उलटतो. आई मघापासून कोपऱ्यात बसलीय, तिला काय बोलू, प्रेमानेच दिलं ना तिने. भावाला फोन केलाय, पशुवैद्यांना बोलवून शेळ्यांचं रक्त तपासून घे, आणि गाभडलेलं काही उघड्या हाताने उचलू नको.