काकांची वही आणि टॅबवर वाचलेलं इच्छामरण

2024 ची गोष्ट आहे, जुलै महिना, म्हणजे इथे मेलबर्नला ऐन थंडी. मी कम्युनिटी पॅलिएटिव्ह केअरमध्ये (बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी सेवा) नर्स आहे, पेशंटच्या घरी जाऊन दुखणं, मळमळ, झोप, औषधं सगळं बघायचं आणि घरच्यांना धीर द्यायचा हे आमचं रोजचं काम. ज्यांच्याबद्दल लिहितेय ते काका एसटीत डेपो मॅनेजर होते, रिटायर झाल्यावर मुलाकडे आले, पॅरेंट व्हिसावर पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळालेला, बरीच वर्षं इथेच होते. स्वादुपिंडाचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत गेलेला. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात, कायद्याची माहिती मात्र आहे तशीच आहे.)

पहिल्याच व्हिजिटला मुलाने गेटपाशी गाठून सांगितलं, ताई, बाबांना स्टेज वगैरे काही बोलू नका, त्यांना वाटतंय गाठ आहे फक्त. आपल्याकडच्या बहुतेक घरांत हेच असतं, मला त्याचा राग नाही येत, पोरगा बापाला जपत असतो. पण काकांनी हॉस्पिटलचं पत्र टॅबवर फोटो काढून भाषांतर करून केव्हाच वाचलेलं होतं, आणि मुलाला वाईट वाटेल म्हणून तेही गप्प होते. दोघं एकमेकांपासून तेच लपवत होते आणि काकू मधल्यामध्ये चहा करत होत्या.

आता इथला नियम सांगते कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. व्हिक्टोरिया राज्यात डॉक्टरांच्या मदतीने मरण घ्यायचा कायदा 2017 ला पास झाला आणि 19 जून 2019 पासून लागू झाला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे डॉक्टर असो की नर्स, आम्ही हा विषय स्वतःहून काढूच शकत नव्हतो, पेशंटने स्पष्ट विचारलं तरच बोलायचं. पेशंटवर दबाव येऊ नये म्हणून हा नियम होता आणि त्यामागची काळजी मला पटते, पण ज्या माणसाला इंग्लिशमध्ये नेमकं काय विचारायचं तेच माहीत नाही तो विचारणार कसा? काका दोन-तीनदा म्हणाले, सिस्टर, यातून लवकर सुटका नाही का? आता एवढ्यावरून मी त्या कायद्याचं नाव काढू शकत नाही. मग मी एवढंच विचारायचे, काका, सुटका म्हणजे नेमकं काय मनात आहे तुमच्या, मोकळं बोला. ते हसून विषय बदलायचे.

मग एका शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज अगदी शांत. म्हणाले, "अगं, मला इथल्या मरणाच्या कायद्याबद्दल विचारायचंय, तो इथे आहे ना?" आता त्यांनी विचारलं होतं, पण फोनवर! आणि इथे दुसरीच अडचण आहे. ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय कायद्यात 2006 पासून आत्महत्येबद्दलची चिथावणी देणारी किंवा पद्धत सांगणारी माहिती फोन, ईमेल, इंटरनेटवरून देणं गुन्हा आहे. राज्याच्या कायद्यानुसार घेतलेलं मरण त्यात येतं की नाही हे विचारायला मेलबर्नचेच एक जीपी (फॅमिली डॉक्टर) फेडरल कोर्टात गेले होते आणि 30 नोव्हेंबर 2023 ला कोर्टाने सांगितलं की येतं. म्हणजे घरात समोर बसून जे कायदेशीर आहे तेच फोनवर बोललं तर मी गोत्यात येऊ शकते.

मी म्हणाले, काका, तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत, पण हे मी फोनवर नाही बोलू शकत, सोमवारी सकाळी पहिली तुमच्याकडेच येते. आज दुखतंय का, जिवाचं काही बरंवाईट करून घ्यायचा विचार मनात आहे का, हे पण विचारलं, ते विचारावंच लागतं आणि विचारायलाच हवं. "छे गं," म्हणाले, "मला फक्त नीट माहिती हवीय, इतकी वाचली की डोकं भंजाळलंय."

सोमवारी गेले तर टेबलावर वही तयार. दोनशे पानी, लाल समासाची, देशांची नावं एकाखाली एक लिहिलेली, पुढे अटी, पुढे खर्च, डेपोतलं ड्युटी रजिस्टर भरावं तसं सुबक अक्षर. कॅनडापुढे लिहिलेलं, मरण जवळ असायची अट नाही. बरोबर होतं, 2021 ला ती अट काढली, पण तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला पात्र असलेल्यांसाठीच ते आहे, इथून उठून जाता येत नाही, हे त्यांनी टॅबवर वाचलेल्या पानावर खाली कुठेतरी असणार, काकांच्या वहीत नव्हतं. नेदरलँड्स, स्वित्झर्लंड होतं. व्हिक्टोरियापुढे "फक्त सिटिझन" लिहून फुली मारलेली. आणि सगळ्यात खाली दोन रेघा मारून, भारत, 2018, सुप्रीम कोर्ट, परवानगी आहे.

म्हणाले, "आमचं ठरलंय, नाशिकला परत जायचं. तिथे लीगल झालंय, पेपरात आलं होतं, अरुणा शानभागच्या केसनंतर." तिकिटांचे दरही काढून ठेवलेले. ठरलंय म्हणजे त्यांच्या एकट्याचं, काकूंना पत्ताच नव्हता.

मला धस्स झालं. रस्त्यात कोसळायची तब्येत, आणि तिथे पोचून कळणार की असं काही नाहीच. मी त्यांच्या शेजारी बसले आणि सावकाश सांगितलं. अरुणाताई केईएमच्या नर्स, 1973 ते 2015 त्या अंथरुणावर होत्या आणि तिथल्या नर्सेसनीच त्यांना सांभाळलं, नर्स म्हणून ती केस मी कधी विसरणार नाही. 2011 च्या निकालात त्यांच्यासाठी केलेली मरणाची मागणी कोर्टाने फेटाळलीच होती, फक्त काही परिस्थितीत उपचार थांबवायची वाट उघडली. 9 मार्च 2018 च्या निकालाने लिव्हिंग विलला मान्यता दिली, म्हणजे बरं होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटरसारखे उपचार नकोत हे आधी लिहून ठेवता येतं, 2023 ला त्याची पद्धत थोडी सोपी केली, मॅजिस्ट्रेटऐवजी नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरची सही चालते. पण डॉक्टरने औषध देऊन मरण आणणं भारतात तेव्हाही गुन्हा आणि आजही गुन्हाच. बातम्यांचं हेडिंग सगळीकडे एकच, "इच्छामरणाला परवानगी", आणि काकांनी हेडिंगवर भरवसा ठेवला, कोणीही ठेवेल.

काका बराच वेळ वहीकडे बघत होते. मग त्यांनी ती ओळ खोडली नाही, बाजूला फक्त "उपचार बंद, एवढंच" असं लिहिलं.

मग इथलं सांगितलं. सिटिझनच नाही, पीआरही चालतो, राज्यात निदान 12 महिने राहिलेलं असलं पाहिजे. आजाराने 6 महिन्यांत मृत्यू अपेक्षित असावा, मज्जासंस्था झिजत जाणाऱ्या आजारात 12. निर्णय घ्यायची क्षमता शाबूत हवी, दोन डॉक्टर वेगवेगळे तपासतात, पेशंट स्वतः तीनदा मागणी करतो त्यातली एक लेखी, पहिली आणि शेवटची यात साधारणपणे 9 दिवस तरी जातात, मग सरकारी परवाना. कुठल्याही पायरीवर नको म्हटलं की संपलं. वाट दाखवायला केअर नॅव्हिगेटर म्हणून राज्याची टीम आहे, त्यांचं कार्ड दिलं.

आणि मग मी विचारलं, काका, भीती नेमकी कशाची वाटते? ते म्हणाले, नळ्यांची. भावाला नाशिकला आयसीयूमध्ये पाहिलं होतं, हात बांधलेले, घशात नळी, बोलता येत नव्हतं, बिल वाढतंय. दुसरी भीती रात्रीच्या दुखण्याची. आणि तिसरी, मुलाची नोकरी आपल्यापायी जाईल ही. पहिलीवर उत्तर इथे त्याच दिवशी होतं, ॲडव्हान्स केअर डायरेक्टिव्ह, इथला तो कायदा 12 मार्च 2018 ला लागू झाला, भारतातल्या निकालानंतर तीनच दिवसांनी. नको असलेले उपचार आधीच नाकारता येतात आणि डॉक्टरांना ते पाळावं लागतं. दुसरीसाठी औषधं त्याच आठवड्यात बदलली. मॉर्फिन म्हणजे शेवट जवळ आला असं त्यांनी वाचलेलं, म्हणून अर्धाच डोस घेत होते आणि रात्रभर कण्हत होते. तिसरीला औषध नाही, त्यासाठी मुलाला समोर बसवावं लागलं, आणि तो रडला, आणि मग पहिल्यांदा दोघं खरं बोलले.

पण काकांचा विचार बदलला नाही, हे स्पष्ट लिहिते, कारण नीट काळजी घेतली की लोकांना मरण नकोसं होतं असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. दुखणं आटोक्यात आल्यावरही ते म्हणाले, मला तो पर्याय हाताशी हवा. मन खचलंय की विचार करून बोलतायत हे आमच्या डॉक्टरांनी तपासलं, ते पूर्ण भानावर होते. पहिली मागणी त्यांनी केली.

त्या मागणीच्या वेळी दुभाषा लागला. काकांचं इंग्लिश बँकेपुरतं होतं, एवढं बोलायला नव्हतं. मुलगा म्हणाला मी सांगतो, पण घरचा माणूस चालत नाही, मीही त्यांची नर्स म्हणून चालत नाही, मान्यताप्राप्त दुभाषाच लागतो. एरवी आम्ही फोनवरून दुभाषा घेतो, दोन मिनिटांत मिळतो, पण फोनचं वर सांगितलंच. समोर येऊन बसणारा मराठी दुभाषा शोधायला वेळ गेला, दुसऱ्या डॉक्टरांच्या वेळी परत तेच. त्या दुसऱ्या तपासणीच्या आधीच काका गेले, घरीच, सिरिंज ड्रायव्हर (थोडं थोडं औषध सतत देणारा छोटा पंप) लावलेला होता, दुखत नव्हतं. पण त्यांनी मागितलेलं त्यांना मिळालं नाही आणि ते भाषेपायी राहिलं, याचा मला अजून संताप येतो. वरच्यावर मीटिंगमध्ये बोलते, पुढेही बोलणार.

जे लोक आत्ता हे शोधत असतील त्यांना एवढंच सांगेन, पान कुठल्या देशाचं, कुठल्या राज्याचं आणि कुठल्या तारखेचं ते आधी बघा, हे नियम बदलत राहतात, मी लिहिलेत ते तेव्हाचे. सरकारी आरोग्य खात्याचं पान आधी, मग बाकीचं. आणि इथली नर्स फोनवर गप्प झाली तर तिला टाळायचंय असं समजू नका, घरी बोलवा.

काकू सप्टेंबरमध्ये क्लिनिकला आल्या, मुलगा बरोबर होता. म्हणाल्या, माझाही तो नको असलेल्या उपचारांचा फॉर्म भरून टाका, यांचा होता तसा. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले आणि त्या हो-नाही सांगत गेल्या. व्हेंटिलेटर नको म्हणाल्या, पोटात नळी घालून जेवण नको म्हणाल्या, सलाईन थोडे दिवस चालेल. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक डॉक्टर, ते क्लिनिकमध्येच मिळाले. सही करायच्या आधी काकूंनी मुलाला तो सगळा फॉर्म मोठ्याने वाचायला लावला.