आत्याच्या पानाचं ब्रह्मकमळ

२०१९च्या मे महिन्यात कोल्हापूरहून निघताना आत्याने ब्रह्मकमळाचं एक पान ओल्या कागदात गुंडाळून दिलं. पुण्यात पोचले त्याच संध्याकाळी मी ते कुंडीत खोचलं आणि रोज पाणी घातलं. पंधरा दिवसांत ते बुडाशी काळं पडलं, हात लावला तर लिबलिबीत. फार वाईट वाटलं. आत्याच्या अंगणातलं ते झाड माझ्या लहानपणापासूनचं आहे.

"अगं, ओली जखम मातीत घातलीस तर कुजणारच," आत्या फोनवर म्हणाली. "आधी सावलीत सुकू दे चार दिवस."

दुसरं पान आणलं ते कपाटावर कागदावर ठेवलं. चौथ्या दिवशी कापलेली कड सुकून टणक झाली होती. मग देठाकडची बाजू खाली, दोन बोटं खोल. पाणी फक्त माती वरून कोरडी झाली की. महिन्याभराने पान हलकेच ओढून पाहिलं, तर ते सुटेना. मुळं धरली होती.

पण झाड जगणं आणि फुलणं यांत तीन वर्षं गेली. सगळ्यात जास्त शिकले ते याच काळात.

पान हिरवंगार, नवे फुटवे हातभर उंच, कळीचा मात्र पत्ता नाही. मी शेणखत घालत राहिले आणि झाड आणखी पानांवर जात राहिलं. शेवटी हे झाड मुळात कुठलं, हे शोधून वाचलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडचं ब्रह्मकमळ हे निवडुंगाच्या कुळातलं, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या दमट जंगलांतलं. तिथे ते जमिनीत नाही, मोठ्या झाडांच्या खोडाफांद्यांवर वाढतं. फांदीच्या बेचक्यात साचलेला पालापाचोळा हीच त्याची माती. म्हणजे मुळांना हवा हवी, पाणी येऊन निघून जायला हवं आणि ऊन पानांतून गाळून आलेलं. मी दिलं होतं काय, तर चिकट काळी माती आणि हॉलमधला अंधारा कोपरा.

बद्रीनाथ-केदारनाथला वाहतात ते ब्रह्मकमळ वेगळंच. ते हिमालयात फार उंचावर येतं, सूर्यफुलाच्या कुळातलं आहे आणि उत्तराखंडचं राज्यपुष्प आहे. नाव एकच, नातं काही नाही. तरी आमच्या घरात या फुलाला हळदकुंकू वाहायची रीत आहे, ती मी सोडलेली नाही.

कुंडी बदलली. नारळाच्या सोडणाचे तुकडे, पानांचं कुजलेलं खत, जाडी वाळू आणि थोडीच माती. कुंडी मुद्दाम आठ इंचीच घेतली, कारण मुळं जरा दाटीत असली की हे झाड खुशीत राहतं. जागा दिली पूर्वेच्या गॅलरीत, सकाळचं नऊपर्यंतचं ऊन मिळेल अशी. थंडीत पाणी निम्म्यावर आणलं, खत बंद केलं. फेब्रुवारीनंतर चमचाभर बोनमील. मध्ये खाचांमध्ये पिठ्या ढेकूण झाला, कापसासारखा पांढरा. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्याने एकेक खाच पुसली. दर आठवड्याला, महिनाभर. या कामाला दुसरा जवळचा रस्ता मला तरी सापडला नाही.

२०२२च्या जुलैत पानाच्या कडेच्या खाचेत तांदळाएवढा लालसर ठिपका दिसला. आपण पान म्हणतो ते खरं तर चपटं झालेलं खोड असतं, म्हणून कळी तिथूनच फुटते. एकूण पाच कळ्या. आनंदाच्या भरात सगळ्यांना नीट दिसाव्यात म्हणून मी कुंडी फिरवली आणि दोन दिवस गावाला गेले. परत आले तर तीन गळून पडलेल्या. उजेडाची दिशा बदलली आणि वरून माती कोरडी राहिली, दोन्ही एकदम. तेव्हापासून कळी दिसली की कुंडीला हात लावत नाही, ओल तेवढी सांभाळते.

उरलेल्या दोन कळ्या खाली लोंबत वाढल्या. तीनेक आठवड्यांनी देठाने बाक घेतला आणि कळीचं तोंड वर वळलं. फुगून ती वांग्याएवढी झाली, तेव्हा आत्या व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आज रात्री. झोपू नको."

साडेआठला टोक सैल झालं. बाहेरच्या गुलाबी पाकळ्या मागे सरकल्या आणि आतला पांढरा रंग दिसू लागला. दहाच्या सुमाराला वासाने गॅलरी भरली. शेजारच्या काकू, त्यांच्या सुना, खालच्या मजल्यावरची मुलं, सगळे आले. आईने निरांजन ओवाळलं. अकराला फूल माझ्या पसरलेल्या पंजाएवढं उमललं होतं, आत केसरांचा पुंजका आणि मधोमध चांदणीसारखा फुटलेला स्त्रीकेसर. मोबाईलच्या पडद्यावर आत्या एकटक बघत होती, काही बोलत नव्हती.

पहाटे साडेपाचला पाहिलं तर दोन्ही फुलं मान टाकून लोंबत होती.

सकाळी काकू पान मागायला आल्या. मी जुनं, जून झालेलं पान निवडून कापलं आणि कोऱ्या कागदात दिलं. "लगेच लावू नका हं काकू," मी म्हटलं, "चार दिवस कपाटावर ठेवा."