गोबर गॅसवर फ्युएल सेल: आधी गंधक, मग वीज

गोठ्यात चार-पाच जनावरं आणि मागं दोन घनमीटरचा गोबर गॅस, हे सांगलीतल्या वाळवा-पलूसकडं नवं नाही. त्या गॅसवर सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल, म्हणजे इंधन न जाळता थेट वीज करणारा सिरॅमिकचा सेल, चालतो का? चालतो. मिथेन त्याला हवाच असतो आणि कार्बन डायऑक्साइडचं वावडं नाही. दोन घनमीटर गॅसात साधारण 12 युनिट उष्णता असते. छोट्या संचात 40 टक्के हाती लागले, तर दिवसाला पावणेपाच युनिट वीज होते, म्हणजे चोवीस तास 200 वॅट. पाऊण व्होल्टचे 40 सेल सिरीजमध्ये जोडले की 30 व्होल्ट मिळतात. 24 व्होल्टची बॅटरी भरेल. पाच एचपीची मोटर यावर फिरणार नाही.

स्टॅकला, म्हणजे एकावर एक रचलेल्या सेलना, मारतो तो कुजक्या अंड्याचा वास. शेणाच्या गॅसात त्या वासाचा, गंधक असलेला हायड्रोजन सल्फाइड हजार-दोन हजार पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) सहज भरतो, आणि सेलच्या गॅसकडच्या बाजूला, निकेलच्या ॲनोडला, 1 पीपीएमही बाधतो. जपानमध्ये 2011 पासून घरगुती 700 वॅटचे संच मिळतात. तिथंही पाइपच्या गॅसात वासासाठी घातलेला गंधक आधी काढतातच.

हा गंधक आधी गंजक्या लोखंडात अडकवायचा. त्यासाठी कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवरचा लोखंडी बुरा मिळेल. सोड्याच्या गरम पाण्यानं त्याचं तेल काढायचं, ओला करून पसरायचा आणि चांगला गंजू द्यायचा. मग चार इंची पाइपात सैल भरायचा. दाबून भरला तर गॅस अडतो. पाइपाचा एक तुकडा पारदर्शक ठेवा, म्हणजे तांबडा बुरा काळा होत कुठवर आलाय ते दिसतं. दोन तृतीयांश काळा झाला की बदला. काढलेला बुरा कडब्याच्या गंजीजवळ टाकू नका: हवा लागली की तो तापतो, पेटतोही. ओला करूनच उघड्यावर पसरा.

उरलेल्या गंधकासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइड लावलेल्या ॲक्टिव्हेटेड कार्बनचे दोन डबे एकापुढे एक लावा. दोन्हींच्या मध्ये लेड ॲसिटेटचा कागद ठेवा. तो काळवंडला की पहिल्यातला कार्बन फेकायचा, दुसरा डबा पहिल्याच्या जागी आणायचा, नवा मागं लावायचा.

दुसरं दुखणं काजळीचं. मिथेनची काजळी सेलमध्ये धरू नये म्हणून गॅसात वाफ मिसळावी लागते: मिथेनच्या दुप्पट रेणू वाफेचे लागतात, म्हणजे दिवसाला सुमारे 1.8 लिटर पाणी, मिनिटाला सव्वा मिलिलिटर. बोअरचं नको, क्षारपड पट्ट्यातलं तर मुळीच नको, वाफेची नळी क्षारानं बुजेल. बॅटरीचं डिस्टिल्ड वापरा. थेंब तापल्या नळीत पडून फस्सकन उडाला की वाफ झटक्याझटक्यानं जाते आणि व्होल्टेज हेलकावतं. नळीत स्टीलची लोकर भरली की ते थांबतं.

थंडीत गॅस कमी झाला तर आधी करंट उतरवा. इंधनाविना करंट ओढत राहिलात तर निकेलचं ऑक्साइड होऊन फुगतं आणि सिरॅमिक तडकतं.

लोडशेडिंगपुरता चालू-बंद करायला हा जनरेटर नव्हे. सपाट सेलचा स्टॅक 750 अंशांवर न्यायचा तर मिनिटाला 2 अंशांनी सहा तास जातात. बंद करतानाही गरम ॲनोडवर हवा शिरू द्यायची नाही: गार होईपर्यंत 5 टक्के हायड्रोजन मिसळलेल्या नायट्रोजनची धार चालू ठेवायची. तो सिलिंडर संपलेला असेल तर बंद करायचा बेत पुढं ढकला.