एकोणतीस गाणी आणि चार संच

घरी आलेला पाहुणा गाण्यांच्या कपाटासमोर थोडा वेळ रेंगाळला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ज्या माणसाने उभ्या आयुष्यात अवघी 29 गाणी ध्वनिमुद्रित केली, त्या रॉबर्ट जॉन्सनचे चार निरनिराळे संच तुम्हाला कशाला लागतात? माझी पत्नी हाच प्रश्न याहून कमी शब्दांत विचारते. आजवर ‘आवाजात फरक आहे’ एवढे सांगून मी सुटका करून घेत आलो. ते उत्तर खोटे नसले तरी अपुरे आहे, म्हणून या वेळी सविस्तर लिहितो.

जॉन्सन मिसिसिपीचा ब्लूज गायक; ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे लोकसंगीत. नोव्हेंबर 1936 मध्ये सॅन अँटोनियोतील एका हॉटेलात आणि जून 1937 मध्ये डॅलसला तो गिटार घेऊन मायक्रोफोनसमोर बसला आणि ऑगस्ट 1938 मध्ये, वयाच्या 27व्या वर्षी, वारला. तो जमाना मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीचा होता. तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा अख्खा राग ज्या मापात बसवलेला आपण ऐकतो, तेच हे माप. कंपनी बहुतेक गाणी दोनदा गाऊन घेई, त्यातला एक टेक बाजारात जाई आणि दुसरा राखीव म्हणून पडून राही. हे राखीव टेक नेमके कुठे, कसे आणि कोणत्या क्रमाने बाहेर आले, यातच माझ्या चार संचांचे उत्तर आहे.

‘कम ऑन इन माय किचन’ हे गाणे घ्या. त्याचे दोन्ही टेक एकाच दिवसाचे आहेत. दुसरा जरा चलाख चालीचा आहे आणि तबकडीवर तोच विकला गेला. पहिला संथ आहे, आणि त्यात मध्येच जॉन्सन गाणे सोडून जवळजवळ कुजबुजत वाऱ्याबद्दल बोलतो, बोटात घालून तारेवर घसरवलेली त्याची नळी त्या वाऱ्याचा आवाज काढते, आणि क्षणभर खोलीत फक्त तो वाराच उरतो. चलाख टेकमध्ये हा थांबा नाहीच. हा संथ टेक पहिल्यांदा लोकांच्या कानी पडला तो 1961 साली, कोलंबिया कंपनीने ‘किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स’ या नावाने सोळा गाण्यांची एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, काढली तेव्हा, म्हणजे गायक जाऊन तेवीस वर्षे झाल्यावर. हीच एलपी इंग्लंडातल्या तरुण वादकांच्या हाती पडली आणि पुढच्या रॉक संगीताचा बराच पाया तिच्यावर रचला गेला. (1969 साली रोलिंग स्टोन्सनी ‘लव्ह इन व्हेन’ गायले, तेव्हा त्यांच्या तबकडीवर रचनाकार म्हणून जॉन्सनचे नाव मात्र नव्हते. माझ्या मनात ती अढी अजून आहे.)

1970 साली दुसरी एलपी आली आणि 1990 साली 41 ध्वनिमुद्रणांचा संपूर्ण संच. तो दहा लाखांहून अधिक खपला, आणि हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते. त्यात एका गाण्याचे दोन्ही टेक लागोपाठ ठेवलेले आहेत. अभ्यासाला ही सोय उत्तम, पण सलग ऐकणाऱ्याला मात्र एकच पाहुणा दोनदा निरोप घेत असल्यासारखे वाटते. 2011च्या जन्मशताब्दी संचात पर्यायी टेक वेगळे काढून शेवटी दिले आहेत, मधल्या काळात सापडलेला बेचाळिसावा टेकही त्यात आहे, आणि आवाज सर्वांत स्वच्छ आहे.

ही स्वच्छता शक्य झाली, कारण जॉन्सनच्या मुद्रणांचे, ज्यांवरून तबकड्या छापतात ते धातूचे साचे आणि चाचणी-प्रती बऱ्याच प्रमाणात टिकल्या. त्याच्या आधीच्या पिढीतला ब्लूज गायक चार्ली पॅटन याच्या नशिबी ते नव्हते. पॅटनची बहुतेक गाणी पॅरामाउंटने काढली. ही कंपनी विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्यांच्या कारखान्याची. फोनोग्राफची लाकडी कपाटे करता करता तो कारखाना तबकड्यांच्या धंद्यात शिरला होता आणि त्यासाठी वापरलेले लाखेचे मिश्रणही हलक्या प्रतीचे होते. महामंदीत धंदा बुडाला आणि साचे पुढे भंगाराच्या भावाने विकले गेले. कामगारांनी तबकड्या नदीत भिरकावल्याची आख्यायिकाही सांगतात. त्यामुळे आज पॅटनच्या या गाण्यांचे कोणतेही प्रकाशन घ्या, ते कोणाच्या तरी घरी शेकडो वेळा सुई फिरलेल्या प्रतीवरूनच केलेले असते. खरखरीमागून, भिंतीपलीकडून यावा तसा त्याचा घोगरा आवाज येतो.

ही खरखर काढून टाकण्याचा मोह प्रकाशकांना होतो, आणि इथे मी एकदा फसलो आहे. ‘पूर्ण स्वच्छ केलेली’ म्हणून घेतलेली पॅटनची एक सीडी लावली, तर खरखर खरोखरच गेली होती, पण तिच्याबरोबर ‘स’ आणि ‘ट’सारख्या व्यंजनांची धार, तारेवर नख लागल्याचा खण्ण आवाज, गिटारच्या लाकडावर मारलेली थाप हे सगळेही गेले होते. उशीखाली रेडिओ ठेवल्यासारखे ते ऐकू येत होते. कारण साधे आहे: खरखर आणि ही धार ध्वनीच्या एकाच वरच्या पट्ट्यात राहतात, त्यामुळे एकीला सरसकट खरवडले की दुसरीही निघून येते. आजोबांच्या नाट्यगीतांच्या तबकड्यांवर वाढलेल्या माझ्या कानाला खरखरीचे काही वाटत नाही. पाच मिनिटांत कान तिला मागे सारतो, पण गेलेली धार तो परत आणू शकत नाही.

हे सांगायचे आणखी एक कारण आहे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षांनी संपतो, युरोपातही या जुन्या मुद्रणांचा हक्क केव्हाच संपला आहे, त्यामुळे ती कोणीही छापू शकतो आणि छापतोही. म्हणून मुखपृष्ठाकडे न पाहता मी मागची बाजू वाचतो. ध्वनिमुद्रणाची तारीख आणि गाव, टेकचा क्रमांक आणि प्रत कुठून घेतली याचा उल्लेख असेल, तर कोणीतरी मन लावून काम केले आहे असे समजतो. नुसते ‘सर्वोत्कृष्ट 20’ असेल तर जागच्या जागी ठेवून देतो.

एकच घ्यायचा असेल तर नवख्याने 1961ची सोळा गाणीच घ्यावीत, कारण कानाला एका बैठकीत तेवढीच पचतात. मी मात्र पाचव्या संचासाठी फळीवर जागा ठेवली आहे. सन हाउस या ब्लूज गायकाची 1930 सालची एक तबकडी, जिची एकही प्रत उरली नसावी असे जाणकार धरून चालले होते, ती 2005च्या सुमारास सापडली आणि पुढच्या वर्षी एका संचात प्रकाशितही झाली. पत्नीला हे अजून सांगितलेले नाही.