नर की मादी? जरा थांबा

इथले बदकं पाळणारे लोक ठामपणे काहीच बोलत नाहीत, आणि सुरुवातीला मला याचा भयंकर राग यायचा. पलीकडच्या बाईंकडे पिल्लं जास्त झाली, म्हणून त्यांनी पाच आमच्या परसात आणून सोडली. दोन पिवळी, एक पट्ट्यापट्ट्यांचं, एक सरसकट तपकिरी आणि एक काळं. जात विचारली तर म्हणाल्या, "मिश्र असतील बहुतेक." नर किती, माद्या किती? "ते आत्ता कसं कळणार?" उभा जन्म बदकांत गेलेल्या बाईंचं हे उत्तर! आपल्याकडे एखाद्या जाणत्याला विचारा. तो लांबूनच बघून सांगेल, आणि चुकला तरी त्याचा आवाज खाली येणार नाही. मला खरं तर तेच हवं होतं.

ते घरून मिळालं. व्हिडिओ कॉलवर पिल्लं दाखवली आणि माझी विचारपूस तिथेच संपली. तेव्हापासून फोन बदकांसाठी असतो, मी फक्त तो धरते. काकांनी पडद्यावर एक नजर टाकून निकाल दिला, पाचही नर. का? "चाल बघ ना त्यांची." आईच्या मते गडद ते नर, फिकट त्या माद्या. कुणीतरी मागून ओरडलं, उलटं करून बघ की!

उलटं करून बघायची पद्धत आहे, हे कबूल. बदकाच्या नराला लिंग असतं, जे बहुतेक पक्ष्यांना नसतं, त्यामुळे पिल्लू अगदी एक-दोन दिवसांचं असताना सराईत माणूस मागचा भाग हलकेच दाबून ओळखतो. पण दाब जास्त झाला तर आत इजा होते, आणि पिल्लू मोठं होत गेलं की ते आणखी अवघड. बाईंना विचारलं तर त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. काही आठवड्यांनी जे फुकट कळणार, त्यासाठी पिल्लाला त्रास कशाला, एवढंच म्हणाल्या. मी तेव्हा मनात म्हटलं, येत नसेल यांना.

रंगाचं आईचं गणित मात्र मुळातच जमत नाही. मस्कोव्ही नावाची जात सोडली तर जवळजवळ सगळी पाळीव बदकं मालार्ड या रानबदकापासून आलेली. मालार्डच्या नराचं हिरवं डोकं सगळ्यांनी फोटोत पाहिलेलं असतं, पण ते उशिरा येतं. पहिली पक्की पिसं येतात तेव्हा नर आणि मादी दोघंही आईच्याच तपकिरी रंगात असतात. आणि पेकिन या पांढऱ्या जातीला रंगच नाही, तिथे काय बघणार? लहानपणीच ओळखू येणाऱ्या काही जाती आहेत. वेल्श हार्लेक्विनच्या पिल्लांत पहिल्या एक-दोन दिवसांत नराची चोच गडद आणि मादीची फिकट, टोकाशी तेवढी काळसर असते. पण माझ्याकडे ती नव्हती, आणि ते दिवसही उलटून गेले होते.

जातीचंही तसंच, फक्त तिथे निदान अंदाजाला जागा असते. पिवळं अंग, नारिंगी चोच आणि नारिंगी पाय म्हणजे बहुधा पेकिन. तीच चोच गुलाबी असती तर एल्सबरीचा विचार केला असता. पट्ट्यांच्या पिल्लाच्या डोळ्यावरून ठळक रेघ जाते, म्हणजे मालार्डचा रंग. पण तोच रंग रुआँ या फ्रेंच जातीचाही, आणि रुआँ अंगाने मालार्डच्या कितीतरी पट मोठं. तेव्हा ते वजनावरून ठरणार. तपकिरीच्या चेहऱ्यावर रेघ नाही, ते खाकी कॅम्पबेलकडे झुकतं. ही जात आपल्याकडच्या कुक्कुटपालनवाल्यांना चांगली माहीत आहे, वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देणारी. काळ्याच्या छातीवर पिवळा डाग आहे. स्वीडिश असेल किंवा कशाचंही कशात मिसळलेलं. काकांनी "इंडियन रनर नाही का त्यात?" असं विचारलं. नाही. ते बाटलीसारखं उभं चालतं आणि नाव काही असलं तरी ते जावा-बाली-लोम्बोककडचं. काका थोडे नाराज झाले. खरं सांगू, मीही झाले.

मग आवाज फुटले. सहा-सात आठवड्यांच्या सुमाराला चिवचिव संपते आणि माद्या मोठ्याने, कर्कश 'क्वॅक' करायला लागतात. आपण बदकाचा म्हणून जो आवाज ओळखतो तो मादीचा. नराचा घसा बसल्यासारखा, फुसका, हलका आवाज. याचं कारण शरीरातच आहे. श्वासनलिका जिथे दुभंगते तिथे नराला एका बाजूला हाडाचा पोकळ फुगवटा असतो, मादीला तो नसतो. कळपात ऐकून काही उपयोग नाही, एक ओरडते आणि श्रेय शेजारच्याला जातं. बाईंनी सांगितलं तसं एकेकाला उचलून बाजूला नेलं. उचललेलं बदक तक्रार करतंच. पहिल्या पिवळीने माझ्या कानात अशी बोंब ठोकली की शंकेला जागाच उरली नाही. काळं नुसतं घरघरलं.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की बाईंना सगळं ठाऊक होतं. 'माहीत नाही' असं त्या म्हणाल्याच नव्हत्या, त्या 'आत्ता नाही' म्हणत होत्या. आवाज कधी, चोचीचा रंग कधी, शेपटीवरचं वर वळलेलं पीस कधी, याचं वेळापत्रक त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. ते वळलेलं पीस म्हणजे नराची खूण, पण तीन-चार महिन्यांनी येते आणि पिसं झडताना गळूनही जाते. मस्कोव्हीच्या नराला तर ती नसतेच. तो फुसफुसतो, आणि त्याला ओळखायचं ते मादीच्या जवळजवळ दुप्पट अंगावरून. वर आणखी एक गंमत म्हणजे मादीचं अंडाशय बंद पडलं तर तिलाही नरासारखी पिसं येऊ शकतात, कारण मादीचा साधा रंग टिकतो तो तिच्या संप्रेरकामुळे.

तरी माझं मत आहे की घरचे जे करतात तेही चूक नाही. पाच पिल्लांकडे बघून गप्प बसायचं, हे मला अजूनही माणूसघाणेपणाचं वाटतं. पैज लावायला काय जातं? आणि बाईंसारखा संयम परसात बसून शक्य आहे. फोनवर रोज दहा मिनिटं मिळणाऱ्यांनी काय नुसतं "बघू या" म्हणायचं?

शेवटी तीन माद्या आणि दोन नर निघाले. हे प्रमाण वाईट. एका नरामागे निदान तीन-चार माद्या लागतात, नाहीतर नर त्यांच्या मानेची पिसं उपटून जखमा करतात. म्हणून काळा परत बाईंकडे गेला, त्यांच्याकडे माद्या भरपूर आहेत. काकांना कळवलं. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हा नर आहे," ते म्हणाले. पाचांनाही नर म्हटलं होतं, त्यामुळे दोघांच्या बाबतीत ते बरोबरच आहेत.